निकोला आपेर आणि मासीचा कारखाना

हवाबंद अन्न आज सर्व जगात जाते. परंतु ही विद्या ज्यांनी प्रथम सिद्ध केली त्या निकोला आपेर यांचे नाव आमच्याकडे क्वचितच ऐकू येते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आपेर यांचा जन्म १७४९ साली फ्रान्समधील शालों गावी एका खाणावळवाल्याच्या घरी झाला. सरदारघराण्याचा मुदपाकखाना सांभाळल्यावर १७८४ त त्यांनी पॅरिस येथे मिठाईचे दुकान थाटले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, त्यांस तुरुंगवासही घडला.

मीठ, साखर व तेल ह्यांच्या योगे अन्न टिकविण्याची रीत फार जुनी. आमच्या घरची लोणची व मुरंबे त्याच जातीचे. परंतु त्यात पदार्थाची मूळ चव उरत नाही. ती राखावी, हा आपेर यांचा ध्यास. जाड काचेच्या बाटलीत पदार्थ भरावा, बूच ठोकून तारेने आवळावे आणि बाटली पाण्यात ठराविक वेळ उकळावी, एवढीच कृती. बुचाविषयी मात्र ते फार चोखंदळ. त्याचे थर ते माशाच्या सरसाने जोडीत. अन्न का नासते हे त्यांस ज्ञात नव्हते. तो उलगडा पुढे पाश्चर यांनी केला. शास्त्राआधी हात पोहोचला, हे आम्हांस विशेष वाटते.

पॅरिसच्या दक्षिणेस मासी या खेड्यात त्यांनी कारखाना उभारला. भोवतालच्या जमिनीत वाटाणा व घेवडा पिकवावा आणि ताजा असतानाच बाटलीत भरावा, अशी तेथील व्यवस्था होती. फ्रेंच नौदलाने हे पदार्थ समुद्रप्रवासात पारखून पाहिले.

१८१० साली सरकारने त्यांच्यापुढे दोन मार्ग ठेवले: पेटंट घ्यावे, किंवा १२,००० फ्रँक स्वीकारून स्वखर्चाने ग्रंथ छापावा व कृती सर्वांस खुली करावी. आपेर यांनी दुसरा मार्ग पत्करला. कित्येकांस हा भोळेपणा वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. पण किंमत जबर पडली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड यांनी अशाच पद्धतीचे पेटंट घेतले, त्यात पत्र्याच्या डब्यांचाही समावेश होता. आणि थोड्याच वर्षांत तेथे डब्यांचा कारखाना निघाला. इकडे १८१४ त परकीय सैन्ये फ्रान्समध्ये शिरली आणि मासीच्या कारखान्याची वाताहत झाली.

१८२२ साली त्यांस मानवजातीचे उपकारकर्ते अशी पदवी मिळाली. द्रव्य मात्र मिळाले नाही. १ जून १८४१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मासी येथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे दफन गोरगरिबांच्या सामायिक कबरीत झाले.