सायकलवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

अमेरिकेंत कर्नल आल्बर्ट पोप ह्यांची ‘कोलंबिया’ सायकल १८७८ सालीं प्रथम तयार झाली, ती हार्टफर्ड येथील एका शिवणयंत्रांच्या कारखान्यांत. त्यानंतर दहा वर्षांनीं, १८८८ सालीं, आपल्याकडे बेळगांवास दोघां भावांनीं सायकलींचें लहानसें दुकान काढलें आणि त्यांतून पुढें नांगरांचा कारखाना उभा राहिला. शिवणयंत्रापासून सायकल नि सायकलीपासून नांगर! ह्या दुसऱ्या कथेचे नायक लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रें व यंत्रें ह्यांचा त्यांस लहानपणापासून नाद. वडील बंधु रामूअण्णा ह्यांच्या मदतीनें ते १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद कळत नाहीं असें आढळल्यामुळें रंगकाम सुटलें. रेखांकन मात्र हातीं राहिलें. त्याच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची जागा मिळाली. वेतन दरमहा ४५ रुपये.

ह्या आंकड्याशीं सायकलची किंमत ताडून पाहावी. लक्ष्मणराव मुंबईंत सायकली विकत घेऊन बेळगांवास धाडीत व रामूअण्णा त्या ७०० ते १,००० रुपयांस विकीत. म्हणजे स्वस्तांतल्या स्वस्त सायकलीसहि ह्या मास्तरांचें पंधरा महिन्यांहून अधिक वेतन लागावें! शिवाय ती चालविण्यास शिकविण्याची फी १५ रुपये निराळीच.

पुढें बढतीची वेळ आली तेव्हां लक्ष्मणरावांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली. असा अपमान गिळून दिवस कंठणारे त्या काळीं थोडे नव्हते. पण त्यांना बेळगांवचें दुकान नव्हतें. त्या दुकानाचें खरें मोल मला नफ्यापेक्षां येथें अधिक वाटतें.

बेळगांवास येऊन त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं व नंतर लोखंडी नांगर. लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. हरळी व कुंदा ह्यांनीं काळें रान कसें जखडून टाकलें जातें, हें आमच्या जालन्याकडील शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. तरीहि त्या शेतकऱ्यांस हंसूं नये. प्रयोग फसला तर ज्याच्या घरचें वर्षाचें धान्य जातें, त्यानें सावधपणें वागावें हें रास्तच. लक्ष्मणरावांनीं त्यांस दोष न देतां नांगर सुधारीत नेला.

धंद्यास जम बसतो न बसतो तोंच नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडण्यास फर्माविलें. कुटुंब, कामगार नि यंत्रें घेऊन जावें कोठें? अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंग आणि साप ह्यांचें माहेरघर! तेथेंच १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यांत आले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. बेळगांवांत जेथें तें सायकलींचें दुकान होतें, त्या रस्त्यास आजहि किर्लोस्कर रोड असें म्हणतात.