फातिमा इस्माईल : एका मातेची रुग्णसेवा

दरवर्षी 11 फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात ज्या घरी श्वासासाठी यंत्राचा आधार लागणारा रुग्ण आहे, त्या घरांचे स्मरण ठेवून आम्ही फातिमा इस्माईल यांचा जीवनपरिचय सादर करीत आहोत. त्या इस्लामधर्मीय होत्या. रुग्णसेवेचा धडा त्यांच्याकडून घेण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

फातिमाबाईंचा जन्म 1903 सालचा. 1921 मध्ये परळला ज्यांच्या गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची होळी झाली, ते उमर सोभानी त्यांचे बंधू. फातिमाबाईंच्या लहानग्या मुलीला पोलिओने गाठले. तिच्यासाठी त्या मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे जाऊन राहिल्या. पुढे 1947 साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त बालकांसाठी उपचार केंद्र उघडले. (त्याच सुमारास कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊ लागले होते, 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले.)

पोलिओ केवळ पाय लुळे करीत नसे. काहींच्या छातीचे स्नायूही निकामी होत. अशांसाठी 1928 साली अमेरिकेत लोखंडी फुप्फुस तयार झाले : डोके बाहेर, धड पिंपात, आणि आतील हवेचा दाब कमी झाला की छाती फुगे. 1952 मध्ये कोपनहेगनला ही यंत्रे अपुरी पडली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला.

श्वास टिकला, तरी सांधे आखडतात, कफ साठतो, शाळा सुटते. फातिमाबाईंनी आयुष्य वेचले ते या पुढच्या कामासाठी, आणि आमच्या मते त्यांचे मोठेपण येथेच आहे. त्यांच्या संस्थेचे बालरुग्णालय हाजी अली येथे उभे राहिले. व्यायाम, आधारपट्टे व शिक्षण यांची सांगड तेथे घातली गेली. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1978 मध्ये राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. 1987 साली त्या निवर्तल्या.

भारतातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये आढळला. मात्र स्नायूक्षयाने वा मानेच्या दुखापतीने श्वास क्षीण झालेले रुग्ण आजही आहेत. यंत्र आता उशाशी मावते, पण ते विजेवर चालते. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या सेवकांना आमची विनंती आहे, की अशा घरी हाताने दाबायची पिशवी खाटेजवळ आहे काय आणि ती दाबणे घरातील किती जण शिकले आहेत, एवढे जरूर विचारावे.