झांग झोंगजिंग
झांग झोंगजिंग (मूळ नाव झांग जी, अंदाजे इ.स. १५० – अंदाजे इ.स. २१९) हे पूर्व हान काळातील चिनी वैद्य व ग्रंथकार होते. त्यांचा जन्म आजच्या हनान प्रांतातील नानयांग परिसरात झाला. राजदरबारी इतिहासांत त्यांचे चरित्र नाही. जे कळते ते मुख्यतः त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतून. त्यांच्या कुळात २००हून अधिक माणसे होती. इ.स. १९६पासून दहा वर्षांच्या आत त्यांतील दोनतृतीयांश दगावली, बहुतेक तापाने. या आघातातून 'शांगहान झाबिंग लुन' हा ग्रंथ सिद्ध झाला. तो पुढे विखुरला. वांग शूहे यांनी त्याचे संकलन केले आणि इ.स. १०६५मध्ये सोंग राजवटीने तापाविषयीचा भाग छापविला.

मलावरोधाच्या चिकित्सेत त्यांचा विवेक विशेष दिसतो. ताप आतड्यांत साचून पोट कठीण झाले असता ते रेवाचिनीचा तीव्र रेचक काढा देत. मात्र घामावाटे द्रव आटून मल सुकला असेल, तर रेचक वर्ज्य. अशा वेळी मध आटवून केलेली बोटाएवढी वर्ती गुदद्वारात ठेवावयाची. कोरड्या मलावरोधावर भांगेचे बी (हे मादक नसते), जर्दाळूच्या बियांचा गर, रेवाचिनी इत्यादी ६ द्रव्यांची मधात वळलेली गोळी त्यांनी सांगितली. 'माझिरेन वान' या नावाने ती चीनमध्ये आजही वापरात आहे.