फाळक्यांची नजर

१९११ साली धुंडिराज गोविंद फाळके एक्केचाळीस वर्षांचे होते. हाताशी नोकरी नव्हती. छापखान्याच्या भागीदारीतून ते नुकतेच बाहेर पडले होते आणि घरी बायको-मुले होती. त्याच सुमारास गिरगावातल्या एका चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. दुसऱ्या दिवशी पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन जाऊन तो पुन्हा पाहिला. मग मुंबईत जो जो चित्रपट लागेल तो पाहायचा असा नेमच सुरू झाला. रोज चार-पाच तास पडद्यासमोर आणि उरलेला वेळ घरी पुस्तके, याद्या, प्रयोग. झोप जेमतेम तीन तास. काही महिन्यांत त्यांना दिसेनासे झाले.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिला चित्रपट काढण्याआधी त्यांची नजर जवळपास गेली होती, हे मात्र फारसे आठवले जात नाही. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी त्यांच्यावर उपचार केले आणि तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले. त्यानंतर त्यांना पुन्हा दिसू लागले.

नेमके झाले काय असावे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, असे काही ठिकाणी लिहिलेले सापडते. हे वैद्यकीयदृष्ट्या पटत नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. सिनेमा पाहून ते गढूळ होत नाही आणि एकदा झालेले चष्म्याने स्वच्छही होत नाही. चष्म्याने नजर परत आली याचा अर्थ नेत्रपटल आणि मेंदूकडे जाणारी नस शाबूत होती. बिघाड प्रतिमा नीट जुळवून घेण्यात होता. वयाकडे पाहिले की उलगडा सोपा होतो. चाळिशीला भिंगाचा लवचिकपणा कमी होतो आणि जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातल्या स्नायूला जास्त जोर लावावा लागतो. आपण त्याला चाळिशीच म्हणतो. तरुणपणी डोळ्यात दूरदृष्टीचा थोडा दोष असला तर स्नायू तो झाकून नेतो, पण चाळिशीला त्याची ताकद संपते आणि अक्षरे अचानक पुसट होतात. त्यात झोप नाही, पोटात काळजी आणि समोर लुकलुकणारा पडदा.

त्या काळचे प्रक्षेपण यंत्र हाताने फिरवत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत आणि हात मंदावला की पडदा डोळ्यांना टोचू लागे. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते, अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा पडतो. कोरड्या डोळ्याला प्रकाशही खुपतो आणि रेषाही फाटलेल्या दिसतात. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की माणूस आपण आंधळे झालो म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटेही नसते.

डोळ्यांवरचा भार मात्र त्याच वर्षी सुरू झाला नव्हता. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कला शाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे बनवणे, पडदे रंगवणे ही सगळी नजर बारीक करून करायची कामे. गोध्र्यात छायाचित्रकार म्हणून बसत होते तेव्हा प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत सोडली. मग लोणावळ्याचा छापखाना आला. मळवलीच्या रविवर्मा मुद्रणालयासाठीही त्यांनी काम केले. रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. एक ठसा केसभर सरकला तरी देवीच्या डोळ्याचे काजळ गालावर येते. दिवसभर भिंगातून ते जुळवत बसायचे.

लोणावळा, मळवली ही नावे लोकलच्या फलकावर रोज वाचणाऱ्या कासारवाडी-भोसरीच्या माणसाला हे काम परके वाटू नये. एमआयडीसीत तपासणीच्या टेबलावर शेकडो जॉब मायक्रोमीटरखाली धरणारे, रात्रपाळीनंतर घरी येऊन मोबाईलवर दोन भाग पाहून मगच झोपणारे चाळिशीतले कामगार फाळक्यांसारखीच तक्रार घेऊन येतात. सुट्टे भाग दिसत नाहीत, डोके दुखते, संध्याकाळी दिव्याभोवती वलये दिसतात. बहुतेकांना योग्य नंबर आणि सहा-सात तास झोप पुरते. वलये मात्र काचबिंदूतही दिसतात, म्हणून डोळ्यातला दाब मोजून घेणे आलेच. मधुमेह असेल तर नेत्रपटलाची तपासणी दरवर्षी हवी. आणि एका डोळ्याची नजर दुखल्याशिवाय एकदम गेली तर चष्म्याचे दुकान नव्हे, त्याच दिवशी रुग्णालय.

नजर परत मिळालेल्या फाळक्यांनी विश्रांती घेतली नाही. हा सल्ला त्यांनी कधीच मानला नाही, आणि या बाबतीत त्यांचे अनुकरण कुणी करू नये. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र घेतले आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले.

परतल्यावर पैसे लावायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून ठेवला. महिनाभर ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग फिरवली तेव्हा दाणा फुटला, कोंब वर आला, वेल काठीला विळखा घालत चढली, आणि हे सगळे मिनिटाभरात. पाहणारे सावकारी मनाचे होते, पण हेलावले. वाढणारे झाड रोज समोर असते, मात्र आपल्या डोळ्याला इतकी मंद हालचाल कळतच नाही. कॅमेऱ्याने ती डोळ्याच्या टप्प्यात आणली.

योगायोग असा, की त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. दोन स्थिर रेषा एकामागून एक ठराविक वेगाने दाखवल्या तर माणसाला दोन रेषा दिसत नाहीत, एकच रेषा सरकताना दिसते. ही हालचाल बाहेर कुठेच नसते, ती पाहणाऱ्याच्या मेंदूत घडते. शाळेत अजूनही सांगतात की चित्र डोळ्यात क्षणभर टिकून राहते म्हणून सिनेमा हलतो. तेवढ्याने भागत नाही. नुसते चित्र टिकून राहिले असते तर एकावर एक चढलेल्या प्रतिमांचा गिचका दिसला असता. हालचाल मेंदू रचतो. फाळक्यांनी हा निबंध वाचला असण्याचे कारण नाही, पण जादूचे प्रयोग त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून शिकले होते आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते जादू दाखवत. माणसाचा मेंदू कुठे फसतो, हे त्यांना हातसफाईतून ठाऊक होते.

सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले, आणि त्यांची बोटेही. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची छिद्रे नसत, ती आपणच पाडायची. प्रकाश लागला की माल वाया. अंधाऱ्या खोलीत रात्री बसून सरस्वतीबाई ते काम करत. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, तरी त्यात बारकावे दिसत नाहीत. अशा वेळी बोटांच्या टोकांचा स्पर्शच मोजमाप करतो. दिवसा चित्रीकरणात पांढरी चादर धरून नटांवर उन्हाचा उजेड परतवणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. रोहिदास झालेला मुलगा फाळक्यांचाच भालचंद्र. तारामती झाले होते अण्णा साळुंके.

हेच साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. राम पडद्यावर येताच लोक पायातली पायताणे काढत, असे त्या प्रयोगांविषयी सांगतात. चित्राला आवाज नाही, रंग नाही, रामाचे आणि सीतेचे दंड एकाच पुरुषाचे, आणि तरी हात जोडले जातात. याला भोळेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. समोरचा चेहरा वाचण्याचे काम मेंदूचे काही भाग इतक्या झपाट्याने करतात की हे चित्र आहे, खरे नव्हे, हा विचार मागून पोहोचतो. तोवर छातीचे ठोके वाढलेले असतात आणि अश्रुग्रंथींना संदेश गेलेला असतो. आजही मालिकेतली सासू ओरडली की रक्तदाबाचा रुग्ण ताठ बसतो, तो याच वाटेने. फरक एवढाच, की लंकादहन पाहायला माणूस गावातून चालत जाई, दोन तास बसे आणि घरी येई. रोज रात्री तो प्रकार उशाशी नसे.

१९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. मूळ कथा सुरू होण्याआधी या चित्रपटात एक वेगळाच तुकडा आहे. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर थांबतो आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. कथा नाही, प्रसंग नाही, नुसत्या भुवया, गाल, ओठ. डार्विनने १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहून चेहऱ्याचे स्नायू न्याहाळले होते. आपल्याकडे नाट्यशास्त्राने ते त्याच्या किती तरी आधी केले. फाळके शास्त्र्यांच्या घरातले. वडील संस्कृतचे पंडित. हे दोन्ही धागे त्यांना कळत-नकळत जोडता आले ते घरच्या पोरीमुळे. मेंदूतली भावनेची चाचणी घेणारे आजचे संशोधक याच पद्धतीने चेहऱ्यांची चित्रे एकामागून एक दाखवतात.

पुढची हकिकत सुखाची नाही. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी बिनसले, फाळके काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, मग परत आले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि डोळ्यांसाठी चित्र रचणाऱ्या माणसाला कानाचा हिशेब नव्याने शिकावा लागला. ‘सेतुबंधन’ मूक तयार झाला, त्याला नंतर आवाज चढवला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, वय सदुसष्ट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामापैकी फारच थोडे उरले आहे. ‘कालियामर्दन’चा बराच भाग मात्र शिल्लक आहे आणि तो भोसरीत घरबसल्या मोबाईलवर पाहता येतो. सुरुवातीचा तो तुकडा पाहावा. वडील कॅमेऱ्यामागे उभे आहेत आणि मंदाकिनी त्यांच्याकडे बघत रागावते आहे.