शाहू महाराज आणि माझा आज्जा



२६ जूनला शाहू जयंती असते. म्हणून गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी आम्हां चौथीच्या मुलांना थोर माणसांची चरित्रे वाटून दिली. मला शाहू महाराज आले. मला लई आनंद झाला, कारण महाराज आपल्या कोल्हापूरचे. पण लिहिता लिहिता चरित्रात माझा आज्जा आला. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, येऊ दे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. ते कागलच्या घाटगे घराण्यातले. वडिलांचे नाव जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि आईचे नाव राधाबाई. महाराज अगदी लहान होते तेव्हाच त्यांची आई वारली. पुढे १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. मला असं कुणी दुसऱ्या घरी नेलं असतं तर मी रडून गाव गोळा केलं असतं. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचे वडीलही गेले. मग महाराज राजकोटला शिकले, नंतर धारवाडला शिकले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हातात घेतला.

महाराज अंगाने धिप्पाड होते. आपल्या वर्गात फळ्याच्या वर त्यांचा फोटो आहे, तो बघा. खांदे केवढे आहेत! त्यांना कुस्तीचा फार नाद होता. लहानपणी ते स्वतः लंगोट लावून लढायचे. १९०२ साली ते इंग्लंडला राज्यारोहणाच्या समारंभाला गेले होते. तिकडून येऊन त्यांनी कोल्हापुरात खासबागचे कुस्तीचे मैदान बांधले. ते १९१२ साली झाले. मध्ये खोलगट हौदा आणि भोवतीनं चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळं मागच्या माणसालापण कुस्ती दिसते. माझा आज्जा तरणा असताना तिथं दोनदा लढला आहे. एकदा चितपट झाला आणि एकदा बरोबरीत सुटली. त्याचे कान अजून मोडलेले आहेत. आज्जाला शाहू महाराजांबद्दल विचारलं की तो पहिल्यांदा खासबाग सांगतो, बाकीचं मागनं.

बाकीचंपण लई मोठं आहे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला की संस्थानात मोकळ्या होणाऱ्या नोकऱ्यांतल्या शंभरातल्या ५० जागा मागासलेल्या लोकांना द्यायच्या. गरिबांच्या पोरांना कोल्हापुरात राहून शिकता यावे म्हणून वेगवेगळ्या जातींची बोर्डिंगे काढली. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलात त्या काळी लोक शिवाशिवीमुळे चहा प्यायला जात नव्हते, तर महाराज स्वतः तिथला चहा प्यायचे. डॉ. कृष्णाबाई केळवकर नावाच्या बाईंना त्यांनी डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला परदेशी पाठवले. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. जो बाप पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. हा कायदा आता असता तर ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या तीन घरांना दंड बसला असता. नावं सांगत नाही. १९१९ साली कानपूरच्या लोकांनी त्यांना राजर्षी ही पदवी दिली.

आणि राधानगरीचे धरण! आपलं गाव भोगावतीच्या काठावर आहे. आपल्या उसाला जे पाणी मिळतं ते राधानगरीचं. ह्या धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं. ते पुरं झालेलं मात्र त्यांना बघायला मिळालं नाही.

ते का मिळालं नाही, हेच मला सांगायचं आहे.

१९१८ साली महाराजांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून वारला. महाराजांना त्याचा फार मोठा धक्का बसला. पण ते रडत बसले नाहीत. लहान वयात विधवा झालेल्या सुनेला त्यांनी शिकवायला घेतलं. लोकांच्या निंदेकडं बघितलं नाही. त्यांची तब्येत मात्र ढासळत गेली. त्यांना मधुमेह होता, म्हणजे आपण शुगर म्हणतो तो. तरी प्रवास आणि सभा चालूच होत्या. ६ मे १९२२ रोजी पहाटे मुंबईला गिरगावातल्या पन्हाळा लॉजमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मी पाटीवर वजाबाकी केली. ४७ वर्षे १० महिने १० दिवस. दोनदा करून बघितली, तेवढेच येते. मी समजत होतो महाराज म्हातारे होऊन वारले असतील. आमच्या पप्पांचं वय ४१ आहे. मी पुस्तक मिटवून ठेवलं आणि त्या दिवशी पुढं लिहिलं नाही.

आता आज्जाचं सांगतो. शिमगा झाल्यावरची गोष्ट. तवा मी तिसरीत होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आज्जासंगं रानात जायचो. एकदा चढावर आज्जा मध्येच बांधावर बसला. छातीवर हात ठेवला. थोड्या वेळानं उठून चालायला लागला. पुढच्या शनिवारीपण तसंच झालं. मी विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय, घरात सांगू नको. आणि मला पाच रुपये दिले. मी ते घेतले आणि घरात सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर आज्जाच्या छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यागत झालं. पंखा चालू असून अंगाला दरदरून घाम सुटला. डावा हात आणि जबडा दुखायला लागला. आजीनं ओव्याचं पाणी दिलं. आज्जानं सोडा मागितला. शेजारचे म्हणाले सकाळी बघू, पैलवान गड्याला काय होतंय. मला बांधावरचं आठवलं. मग मी रडत रडत सगळं सांगितलं, पाच रुपयांचंपण. पप्पांनी आक्काला फोन लावला. आक्का माझी चुलत बहीण, ती कोल्हापुरात नर्सिंग शिकते. तिनं सोडा देऊ नका, चालवू नका, आत्ताच्या आत्ता १०८ ला फोन करा, असं सांगितलं. १०८ ची गाडी फुकट येते. ती आली. पहिल्यांदा जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन आज्जाच्या छातीला, हाताला आणि पायाला तारा लावून पट्टी काढली. तिला ईसीजी म्हणतात. दहा मिनिटांत कळलं की हा हार्ट ॲटॅक आहे. तिथं गोळ्या दिल्या आणि तसंच कोल्हापूरला पाठवलं.

मे महिन्याच्या सुट्टीत आक्का आली तेव्हा मी तिला विचारलं की शाहू महाराजांना पन्हाळा लॉजमधून दवाखान्यात का नेलं नाही. ते तर राजे होते, त्यांच्याकडं मोटारी होत्या. आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. मला समजलं तसं लिहितो.

हृदय म्हणजे नदीवरचा पंप. आपल्या मुठीएवढं असतं आणि मिनिटाला साधारण ७२ वेळा उडतं. ७२ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे दिवसाला १,०३,६८० वेळा. पंपाला फुटवाल असतो, पाणी मागं जाऊ देत नाही, तशा हृदयात चार झडपा असतात. पंप सगळ्या रानाला पाणी देतो, पण त्याला स्वतःला वीज लागते. तसं हृदयालापण स्वतःसाठी रक्त लागतं. ते देणाऱ्या नळ्या हृदयाच्या अंगावरच असतात आणि फार बारीक असतात. त्या नळ्यांत आतून चरबीचा थर बसत जातो, पाइपात गाळ बसतो तसा. मग चढ चढताना छाती भरून येते आणि बसलं की थांबतं. आज्जाला बांधावर होत होतं ते हेच. एक दिवस त्या थरावर रक्ताची गुठळी बसते आणि नळी बंद होते. रक्त नाही मिळालं की हृदयाचा तेवढा भाग मरायला लागतो. जितका उशीर तितका जास्त भाग मरतो. म्हणून सकाळी बघू म्हणायचं नसतं.

मी विचारलं, पण महाराज तर पैलवान होते, आणि आज्जापण. आक्का म्हणाली, दंड बाहेरनं दिसतो, नळी बाहेरनं दिसत नाही. शुगर असली तर नळ्या आतून लवकर खराब होतात, आणि कधी कधी दुखणंपण कमी जाणवतं. आज्जाला शुगर आहे हे आम्हाला दवाखान्यात गेल्यावरच कळलं. म्हणजे माझ्या चरित्रातल्या दोघांनापण एकच दुखणं.

फरक सालाचा आहे. १९२२ साली डॉक्टर नाडी बघायचे, नळीनं छातीचे ठोके ऐकायचे, विश्रांती आणि थोडी औषधं द्यायचे. हॉलंडच्या आइंटहोवेन नावाच्या शास्त्रज्ञाने ईसीजीचे यंत्र १९०३ च्या सुमारास तयार केले होते, पण ते एवढं मोठं होतं की चालवायला पाच माणसं लागायची आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागायचं. शुगरवरचं इन्शुलिन हे औषध कॅनडात एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं ते १९२२ च्या जानेवारीतच. म्हणजे महाराज गेले त्याच्या चार महिने आधी! हे ऐकून मला लई हळहळ वाटली. आणि बंद पडलेली नळी फुगा घालून उघडायचं काम पहिल्यांदा १९७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झालं. १९७७ वजा १९२२, म्हणजे ५५ वर्षे उशीर. तेव्हा राजाकडं मोटार असूनसुद्धा न्यायचं कुठं, हा प्रश्न होता.

आज्जाला न्यायला जागा होती. त्याच्या मनगटातून दोऱ्यासारखी बारीक नळी हृदयापर्यंत घातली, औषध सोडून टीव्हीवर बघितलं, त्याला अँजिओग्राफी म्हणतात. एक नळी बंद होती. तिथं फुगा फुगवून जाळीची बारीक स्प्रिंग बसवली. पेनात असते तशी, पण त्याहून बारीक. आज्जा जागाच होता. जास्त नळ्या बंद असल्या तर छाती उघडून बायपासचं ऑपरेशन करतात. कधी कधी ईसीजीच्या पट्टीत काही दिसत नाही, तेव्हा रक्त तपासूनपण कळतं. आणि आयांनी हे वाचावं, बायकांना कधी कधी छातीत कमी दुखतं, नुसता दम लागतो, मळमळतं, थकवा येतो, आणि त्या तशाच भाकरी थापत बसतात.

आज्जाला बघायला आम्ही एसटीनं कोल्हापूरला गेलो. दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा दिसला. तिथून जवळ सीपीआर, म्हणजे थोरला दवाखाना आहे, आणि त्याला जोडलेल्या सरकारी डॉक्टरकीच्या कॉलेजला महाराजांचंच नाव आहे. तिथं शिकून डॉक्टर होतात. २०२२ साली महाराजांना जाऊन १०० वर्षे झाली तेव्हा ६ मे रोजी सकाळी १० वाजता सगळे जण १०० सेकंद जागच्या जागी उभे राहिले होते. मी लहान होतो, आज्जाचं बोट धरून उभा होतो. १०० सेकंद मला मोजता येत नव्हते, आज्जा मोजत होता.

आता आज्जाची तंबाखू सुटली आहे. पहिले पंधरा दिवस त्यानं आजीला लई शिव्या दिल्या. लोणचं आणि खारी भाजी कमी केली. तांबडा रस्सा जत्रेलाच, आणि वरचा कट काढून. गुळाचा चहा शुगरला चालतो असं आज्जाचं म्हणणं होतं, पण आक्का म्हणाली गूळ म्हणजे साखरच, नुसता रंग वेगळा. हे आपल्या कोल्हापुरात कुणाला पटत नाही. रोज संध्याकाळी तो मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातो. मध्ये बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करणार होता. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, नाहीतर जाळीत परत गुठळी होते. आता रात्रीची गोळी द्यायचं काम माझ्याकडं आहे. पप्पांनीपण उपकेंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासली. तीस वर्षांवरच्या माणसांची तिथं फुकट तपासतात. पप्पांचं बीपी जास्त निघालं. त्यांना गोळी चालू झाली.

आज आज्जा शाळेत आला आहे. चष्मा घरी विसरला, म्हणून हे चरित्र मीच त्याला वाचून दाखवणार आहे. ते पाच रुपये मी अजून खर्च केलेले नाहीत, दप्तराच्या आतल्या कप्प्यात आहेत. ते सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून आज्जा रागावेल. पण गुरुजींनी तेवढं खोडलं नाही.

— इयत्ता चौथी