सावित्रीबाईंचे घर

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे मंडळातल्या भगिनींनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लेखणीचा सराव नाही. पण दर वर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार घालतो, मुलींची भाषणे होतात आणि त्यांत शाळेचीच गोष्ट येते. त्यांच्या चरित्रातले दुसरे एक पान आपल्या मंडळाला फार जवळचे आहे. तेवढेच येथे सांगते.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. नवव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. जोतीरावांनी त्यांना शिकवले, आणि १८४८ पासून त्या मुलींना शिकवू लागल्या. अंगावर शेणमाती झेलून त्या शाळेत जात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८५२ च्या संक्रांतीला त्यांनी तिळगुळाचा समारंभ केला व सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवले. आपण वाण लुटतो ते त्याच जाजमावर, असे मी मानते.

त्या काळी ब्राह्मण विधवेला पुनर्विवाह नव्हता. घरातल्या अगर ओळखीतल्या पुरुषाने तिचा घात केला तरी बोल तिलाच लागे. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस राहिले तेव्हा तो बाजूला झाला. लोकलाजेने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. पोलिसांना तपास लागला आणि तिला जन्मठेप झाली. शास्त्र्याचे नाव कोणाला ठाऊक नाही; तिचे मात्र राहिले.

हे पाहून फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घराच्या आवारातच बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. कोणाही विधवेने येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, अशी छापील पत्रके ब्राह्मण वस्तीतल्या कोपऱ्याकोपऱ्यावर लावली. १८८४ पर्यंत तेथे ३५ विधवा आल्या. मुले वाचली पाचच. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असत. सावित्रीबाईंना स्वतःला मूल नव्हते. या परक्या बाळंतिणींचे त्यांनी आपल्याच घरी केले. १८७४ साली अशाच एका विधवेचे बाळ त्यांनी दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला डॉक्टर केले.

१८६८ साली त्या माहेरी नायगावी असताना गणेश नावाचा ब्राह्मण तरुण व सारजा नावाची महार मुलगी यांना गावकरी मारीत, धिंड काढीत नेत होते. सारजा सहा महिन्यांची गरोदर होती. सावित्रीबाई धावत गेल्या, जमावापुढे उभ्या राहिल्या, खून केल्यास सरकार काय शिक्षा करील याची जाणीव त्यांनी दिली आणि दोघांचे प्राण वाचवले. मग त्यांना पुण्यास जोतीरावांकडे धाडून दिले. नुसते वाचवून भागत नाही, पुढे जायला घर लागते, हे त्या जाणून होत्या.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला व १० मार्चला त्या गेल्या.

आता माझे सांगते. काही वर्षांपूर्वी शेजारची एक सून मार खाऊन रात्री माझ्या ओट्यावर आली. मी पाणी दिले, घरचे घरातच मिटवावे म्हणून समजूत घातली आणि स्वतः तिला परत पोचवून आले. त्यानंतर ती माझ्याकडे कधी आली नाही. दिसली तरी मान वळवून जाते. सावित्रीबाईंना हार घालताना मला तिची मान आठवते.

आपल्या भागातल्या बायांनी हे धैर्य दाखवलेले आहे. १९७२-७३ च्या सुमारास, आपला जिल्हा अजून धुळ्यातच होता तेव्हा, शहाद्याकडच्या आदिवासी बायांनी एकजुटीने दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. एकटीचे कोण ऐकतो? पन्नासजणी गेल्या म्हणजे ऐकावे लागते.

आज २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा फोन आहे. पण रात्री अकराला मार खाल्लेली बाई आधी शेजारचेच दार वाजवते. म्हणून कळसाडीच्या माझ्या भगिनींना एवढीच विनंती, की आपल्यापैकी निदान चारजणींनी आपले घर अशा बाईसाठी उघडे आहे असे मंडळात सांगावे. तिला आत घ्यावे, जेवू घालावे, तिची चूक काढू नये, आणि तिची इच्छा असेल तर सकाळी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत जावे.

पहिले नाव माझे लिहून घ्यावे.