लिओनिड कांटोरोविच : काटकसरीचें गणित

विद्यार्थिमित्रहो, गणित हा विषय केवळ परीक्षेपुरता आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. कारखान्यांतील एका साध्या अडचणीपासून आरंभ करून ज्यांनीं एका नव्या शास्त्राचा पाया घातला, त्या लिओनिड कांटोरोविच ह्यांचें चरित्र वाचलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

ह्यांचा जन्म रशियांतील सेंट पीटर्सबर्ग शहरीं ता. १९ जानेवारी १९१२ रोजीं झाला. वडील डॉक्टर होते. ते १९२२ सालीं वारले. ह्या पितृहीन मुलाची बुद्धि असाधारण होती. वयाच्या चौदाव्या वर्षीं, म्हणजे १९२६ सालीं, ते लेनिनग्राड विद्यापीठांत दाखल झाले. १९३० सालीं त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला, आणि १९३४ सालीं ते प्राध्यापकहि झाले.

१९३८ सालीं प्लायवूड तयार करणाऱ्या एका सरकारी संस्थेची अडचण त्यांच्यापुढें आली. यंत्रें आठ, लाकडाचे प्रकार पांच. आणि प्रत्येक यंत्राचा प्रत्येक प्रकारावरील वेग निराळा. ठराविक प्रमाणांत सर्व माल जास्तींत जास्त निघावा, तर कोणतें यंत्र कोणत्या लाकडावर किती वेळ चालवावें? प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक. पण नेहमींच्या रीतीनें सोडवूं जातां समीकरणांचा पसारा अफाट वाढे.

ह्यांतील मर्म एका घरगुती उदाहरणानें ध्यानांत येईल. गोविंद तासाभरांत पाण्याच्या सहा घागरी भरतो, किंवा तीन वर्ग झाडतो. यशवंत चार घागरी भरतो, किंवा एकच वर्ग झाडतो. यशवंत दोन्ही कामांत मागें आहे खरा. तथापि त्यानें एक वर्ग झाडला तर चार घागरी बुडतात, गोविंदानें झाडला तर दोनच. म्हणून गोविंदानें झाडावें व यशवंतानें पाणी भरावें, हें किफायतीचें. एका वर्गाचें मोल तीन घागरी धरलें, कीं कोणी काय करावें हें आपोआप ठरतें. असे मोलदर्शक आंकडे शोधण्याची रीति कांटोरोविच ह्यांनीं बसविली, व त्या आंकड्यांस निर्णायक गुणक असें नांव दिलें. १९३९ सालीं ही रीति एका लहानशा पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध झाली.

खरी कसोटी येथूनच लागली. मोल केवळ श्रमावरून ठरतें, असें त्या काळच्या सोव्हिएत अर्थशास्त्राचें मत होतें. दुर्मिळ यंत्राला आणि जमिनीलाहि मोल असतें, असें हे गुणक सांगत. त्या राजवटींत असा मतभेद जिवावर बेतण्याजोगा होता. ऐन युद्धांत, १९४२ सालीं, सर्व देशाच्या साधनसंपत्तीला ही रीति लावणारा ग्रंथ त्यांनीं लिहिला. तो छापून निघाला १९५९ सालीं, सतरा वर्षांनंतर! ह्या अवधींत ते निराश होऊन बसले नाहींत, आणि आपलें मतहि त्यांनीं सोडलें नाहीं. शुद्ध गणितांतील कार्याबद्दल १९४९ सालीं त्यांस सरकारी पारितोषिक मिळालें. आणि पत्रे, लाकूड वगैरे माल कमींत कमी वाया घालवून कसा कापावा, ह्याविषयीं झाल्गालर नांवाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं १९५१ सालीं पुस्तक लिहिलें.

इकडे अमेरिकेंत जॉर्ज डांट्झिग ह्यांनीं, कांटोरोविच ह्यांचें काम ठाऊक नसतांना, १९४७ सालीं अशाच प्रश्नांसाठीं सिम्प्लेक्स नांवाची रीति शोधून काढली. पुढें काळ पालटला. १९६५ सालीं कांटोरोविच ह्यांना लेनिन पारितोषिक मिळालें, व १९७५ सालीं कूपमन्स ह्या विद्वानासह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ता. ७ एप्रिल १९८६ रोजीं मॉस्को येथें त्यांचा अंत झाला. रुग्णालयांतील परिचारिकांच्या पाळ्या आणि विमानांवरील नोकरवर्गाच्या नेमणुका आज ज्या गणितानें ठरवितात, तें ह्याच बीजाचें वाढलेलें झाड होय.

मित्रहो, ह्या गणिताचा निकाल मोठा दयाळू आहे. जो सर्वच कामांत मागें, त्यालाहि असें एक काम असतें कीं, तें त्यानें केल्यानें सर्वांचा लाभ होतो. आणि सत्य हातीं आलें असतां तें न सोडतां सतरा वर्षें वाट पाहणें, हें कोणत्याही गणिताहून कठीण आहे. तें ह्या पुरुषानें करून दाखविलें.